'ळ'ने सुरू होणारा शब्द

या गटावरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी हसायचो, हे आधीच सांगतो. मी चिखलीत मराठी शिकवतो. कावळा पिंडाला शिवेना म्हणून ताटकळणाऱ्यांची तर मला कीवच यायची.

आमचं गाव उंद्री. तिथे धाकट्या भावाकडे, सुधाकरकडे, आई असायची. तिला जन्मात 'ळ' म्हणता आला नाही. केळ्याला 'केयं', डोळ्याला 'डोया'. आमच्याकडे बरेच जण तसंच बोलतात; पण मी तिला चारचौघांत सुधारायचो.

मागच्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. तोंड डावीकडे ओघळलं, वाचा गेली. उरला एकच शब्द... 'ळ्हंदुळ'. सुरुवातच 'ळ'ने! असा शब्द मराठीत नाही.

एका दुपारी तिने माझं मनगट धरलं. "ळ्हंदुळ." पाणी दिलं, उशी सरकवली, खिडकी उघडली – पुन्हा तेच. मी वैतागलो आणि वर्गात बोलतो तसं बोललो, "आधी नीट म्हण, मग देतो."

तिने मनगट सोडलं. त्यानंतर ती बोललीच नाही. त्याच आठवड्यात गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही उतरेना. सुधाकर म्हणाला, "वावर इकत नाही, माय." बहीण म्हणाली, "आम्ही भांडत नाही." काहीच नाही.

मामा कंटाळून भटजींना म्हणाले, "गुरुजी, दर्भाचा कावळा करा अन् सोडा आमाले. ऊन तापून राह्यलं."

"थांबा," सुधाकर म्हणाला. "दादा, तिनं तुले मांगतलं होतं ते देतो म्हण."

"ळ... लंदूळ देईन, माय."

कावळे ढिम्म.

"नीट म्हण," माझ्याकडे न पाहता तो बोलला.

जीभ वळेना. शेवटी बोटाने ओठाचा डावा कोपरा खाली ओढला, तिचा होता तसा, आणि म्हणालो. शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

जेवताना मामांनी विचारलं, "काय द्याचं कबूल केलं बे तिले?"

डॉक्टर म्हणतात, लकव्यात असे शब्द निघतात, त्यांना अर्थ नसतो. नसेल. मग कावळ्याने काय ऐकलं, हे मला आजही सांगता येत नाही.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. "ताटात काय काय करू?" सुधाकरने फोनवर विचारलं. पुरण, वडे, कढी, तिला आवडायचं ते सगळं मी सांगितलं.

"अन् ते?" तो म्हणाला.