न शिकवता केलेली सही

"रोज वीस मिनिटं शिकवायचं म्हणे! मग शाळाच काढा ना. तुमच्या वस्तीत जागा असेल की."

साहेबांनी माझा कागद दोन बोटांत धरून हॉलला दाखवला. सगळे हसले. मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायचा धीर होणार नाही.

कारखाना पिरंगुटचा. पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर दाबून काढायचे, हे आमचं काम. साल २००४ असेल. त्या वर्षी साहेबांना एक जपानी शब्द सापडला होता, कायझेन. म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा. शब्दात वाईट काही नव्हतं. पण थोडी थोडी सुधारणा सुरू करायला साहेबांनी समारंभ मात्र मोठा केला. नारळ फोडला, हिरव्या टोप्या वाटल्या, सूचनापेटीला झेंडूचा हार घातला. हार सुकेपर्यंत पेटीत एकच कागद पडला. माझा.

त्यात लिहिलं होतं ते असं. नव्या बाईला पहिल्या दिवशी हॉलमध्ये बसवून चार तास पडद्यावर इंग्रजी माहितीपट दाखवू नका. तिला रोज वीस मिनिटं मशीनपाशी, मराठीत, एकच गोष्ट शिकवा. दुसऱ्या दिवशी तिनं ती करून दाखवली तरच पुढची. खाली पूर्ण नाव.

साहेबांनी नाव मोठ्यानं वाचलं. आडनावापाशी थांबले. "अच्छा," म्हणाले. आणि मग वस्तीचा विनोद. कुठली वस्ती, हे हॉलमध्ये कुणाला विचारावं लागलं नाही. आमची घरं पौडच्या पुढे, गावाच्या खालच्या अंगाला. तिथल्या बुद्धविहारातल्या कपाटातली सगळी पुस्तकं मी वाचून काढली होती. स्वाभिमानावर तासभर बोललो असतो. प्रत्यक्षात दात दाखवले आणि खाली बसलो.

त्यानंतर मी अगदी गुणी कामगार झालो.

आमच्याकडे रीत अशी. नवी बाई कामाला लागली की तिचा प्रशिक्षणाचा तक्ता यायचा. त्यात वीस ओळी. यंत्र थांबवणे, सुरक्षा तपासणे, वगैरे. प्रत्येक ओळीपुढे बाईची सही आणि शिकवणाऱ्याची सही. शिकवणारा मी, कारण प्रेसवर सगळ्यात जुना. तक्ता पहिल्याच सकाळी भरायचा, बाईनं मशीन बघायच्या आधी. "भरून टाका, ऑडिट आहे," एवढंच सांगणं असायचं. मी भरून टाकायचो. आत काय चुकतंय ते कागदावर लिहिणारा मीच, आणि वीस-वीस सह्या ठोकणाराही मीच.

दुसरी रीत याहून वाईट. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. म्हणजे हात आत राहू शकत नाही. पण त्यानं काम हळू होतं. म्हणून एका बटणात लाकडाची चपटी खुंटी ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचं आणि एकाच हातानं प्रेस चालवायची. हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना होतं. मला तर होतंच.

कमल मुळशीकडची. घरची भातशेती, पण ती पोटापुरती. कामाला लागून तिला नववा दिवस होता. आदल्या पाळीच्या माणसानं खुंटी तशीच ठेवली होती. कमलला वाटलं, यंत्र असंच असतं. उजव्या हातानं बटण दाबलं, डावा आतच होता. दोन बोटं गेली.

चौकशी लागली. फायलीतून तिचा तक्ता निघाला. वीस ओळी, वीस सह्या. प्रशिक्षण पूर्ण, म्हणजे चूक बाईची. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून तिला कामावरून काढायचं ठरत होतं.

मी तिच्या घरी गेलो. कशाला गेलो कुणास ठाऊक. तिनं उजव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"दादा, एक इचारू? सायेब म्हनत्यात, तुमी मला समदं शिकवलंय. कवा शिकवलं वो? मला काय बी आठवंना."

मी तांब्या हातात घेतला.

"माझंच डोस्कं मठ्ठ हाय. तुमच्यावर उगा बालंट आलं."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मी शिकवलं आणि ती विसरली. साहेबांच्या विनोदानं मला जेवढं लहान केलं नव्हतं, तेवढा मी त्या पाटावर बसल्या बसल्या झालो. तांब्या तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी चौकशीत साहेबांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला.

"सही तुझीच ना?"

"माझीच."

"मग संपलं."

"नाही संपलं. सही खोटी आहे. मी तिला काही शिकवलेलं नाही."

"काय बोलतोयस, कळतंय का?"

"आजवर ज्यांच्या तक्त्यावर सह्या केल्या, त्यातल्या एकीलाही शिकवलेलं नाही. खुंटीचंही लिहा."

ते लिहीनात. मग त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढून मी लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. या वेळी त्यांनी ते वाचून दाखवलं नाही.

मला दोन महिने घरी बसवलं. कमलचं काम टिकलं. बोटं काही परत आली नाहीत. म्हणून यात माझं कौतुक नको. खरं बोललो, पण तिची बोटं गेल्यावर.

परत आलो तो त्याच खात्यात. तक्ते आजही पहिल्याच सकाळी येतात. मी बाजूला ठेवतो. पहिल्या दिवशी नव्या बाईला एकच गोष्ट शिकवतो: "एक हात पाठीमागे ठेव आणि दुसऱ्या हातानं चालवून बघ. चाललं, तर काम करायचं नाही. मला हाक मार." दुसऱ्या दिवशी ती मला करून दाखवते, मग दुसरी गोष्ट. वीस ओळींना महिना लागतो. "फार वेळ जातोय," असा निरोप वरून येतो. जाऊ दे.

जिनं माझ्यासमोर यंत्र थांबवून दाखवलं नाही, तिच्या तक्त्यावर मी सही करणार नाही. काढायचं तर मला काढा. सह्यांना दुसरा माणूस आणावा लागेल. त्याला मी आधी कमलच्या घरी नेणार आहे.