ताज्याचा तो बघा

आमच्या मावशीला गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. सालवाली म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात, आणि ही खुशाल "ओ" देते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा म्हटलंच, "तू ओ कशाला देतेस गं?" तर म्हणाली, "साली गोळा करते म्हणून सालवाली. त्यात खोटं काय आहे?"

रोज दुपारी ती ज्यूसवाल्याच्या मागच्या दाराशी जाते. पिळलेल्या संत्र्यांच्या साली तिथे, कॉफीचा चोथा कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात. पिशवी उघडायची, नाक खुपसायचं, मगच घ्यायची. एकदा सालींत कागदी कप आणि सिगारेटची थोटकं निघाली, तर तिनं भर गिऱ्हाइकात ज्यूसवाल्याची अशी हजेरी घेतली की तेव्हापासून तो तिच्यासाठी झाकणाची वेगळी बादली ठेवतो. "कचरा वेगळा, उरलेलं वेगळं," असं ती त्याला बजावून आली होती. घरी आणलेल्या साली ती तीन पाण्यांत धुते. अर्ध्या वाळवून दळते, उरलेल्यांचा काढा करते. तो काढा, तेल आणि कॉस्टिक सोडा, यांचा साबण. चोथा वाळवून तेलात कालवला की हातापायांना चोळायचा लेप. हे सगळं आमच्या मागच्या खोलीत चालतं आणि आठवड्याच्या बाजारात फुटपाथवर विकलं जातं.

नवऱ्यानं सोडल्यावर मावशी आमच्याकडे आली. त्याच ज्यूसच्या दुकानात ती ग्लास विसळायची. हात इतके फाटले होते की भाकरीचा तुकडा मोडतानाही कळवळायची. साबणाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका म्हातारीच्या ती मागेच लागली आणि तिच्याकडून साबण शिकली. पहिली वडी अशी झाली की तिनं भांडी लख्ख निघाली असती, चामडी मात्र उरली नसती. म्हातारी पोट धरून हसली. मावशी हसली नाही, दुसऱ्या दिवशी परत गेली. चिवट आहे.

मुख्य रस्त्यावर एक मोठं दुकान आहे. दर्शनी काच, आत पिवळे दिवे, क्रीमच्या बाटल्या दागिन्यांसारख्या मांडलेल्या. मावशी येताजाता त्या काचेशी थांबायची. "इथे माझा साबण दिसला पाहिजे," असं मोठ्यानं म्हणायची, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि खरंच एक दिवस त्या दुकानाच्या बाईंचा निरोप आला. कुणाकडे तरी त्यांनी मावशीचा साबण वापरला होता. आवडला होता. करताना बघायचा होता. पसंत पडला तर दुकानात ठेवणार होत्या.

मावशीनं खोली घासूनपुसून आरसा केली. आई मात्र सकाळपासून सारखी आतबाहेर करत होती. मी समजले, दडपण आलंय.

बाई आल्या. नीटनेटक्या, बोलायला गोड. मावशीनं हातमोजे चढवले, चष्मा लावला, खिडकी उघडली. फ्रीजमधलं काढ्याचं भांडं आणलं आणि त्यात हळूहळू कॉस्टिक सोडायला लागली. एरवी यात बघण्यासारखं काही नसतं. थोडं तापतं, मावशी ढवळते, संपलं. त्या दिवशी मात्र रंग आधी भगवा झाला, मग काळपट तपकिरी. फेस वर चढला, भांड्याबाहेर आला, आणि असा दर्प सुटला की डोळ्यांतून पाणी. बाई रुमाल नाकाला लावून दारात.

"सगळे बाहेर!" मावशी ओरडली. तिनं भांडं उचलून थंड पाण्याच्या टबात ठेवलं, फेस बसेपर्यंत तिथून हलली नाही. मग चष्मा वर करून म्हणाली, "यात साखर आहे. हा काढा नाही, रस आहे. कुणी घातला?"

"मी," आई म्हणाली.

आईनं सकाळी बाजारातली सगळ्यात महाग संत्री आणली होती, रस काढून गाळला होता, काढा मोरीत ओतून त्याच भांड्यात रस भरला होता. सालींची पोती पलंगाखाली ढकलली होती ती वेगळीच.

"का पण, ताई?"

"मोठ्या दुकानातली बाई येणार, तिच्यासमोर पिळून फेकलेल्या साली काय दाखवायच्या?" आईचा आवाज फुटला. "वरच्या काकू जिन्यात काय म्हणतात माहितीये? टाकलेली बाई, टाकलेल्या साली उकळते. ऐकवत नाही गं मला."

मावशी लालबुंद झाली. मला वाटलं, आता भांडंच फेकते. पण ती आईसमोर येऊन उभी राहिली. "मला नवऱ्यानं टाकलं तेव्हा तू काय म्हणालीस? यात तुझा काय दोष, म्हणालीस. म्हणालीस की नाही?"

"म्हणाले."

"मग सालींचा काय दोष?"

आई रडायला लागली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण मला तिचाच राग आला होता. लोकांच्या जिभेला भिऊन बहिणीचा घास घालवणारी माणसं मला सहन होत नाहीत, आई असली तरी.

बाई दारातूनच म्हणाल्या, "असू दे हो. साबण मी वापरलाय, चांगला आहे. मी ठेवते दुकानात. फक्त वेष्टनावर 'ताज्या संत्र्यांचा' असं छापू. साली, उरलेलं, चोथा, हे शब्द आमच्या गिऱ्हाइकांना रुचत नाहीत. तुमच्या बहिणीला ते बरोबर कळलं."

मावशीनं टबाकडे बोट केलं. त्यात ते तपकिरी लगद्याचं भांडं अजून वाफाळत होतं.

"ताज्या संत्र्यांचा तो बघा. हवा तर घेऊन जा."

"अहो, संधी दाराशी आलीय. विचार करा."

"केला. माझा माल ज्यूसवाल्याच्या मागच्या दारातून येतो. तेवढं छापत असाल तर या. नाहीतर खोटं नाव लावून मला तुमच्या काचेत बसायचं नाही."

बाई गेल्या. मावशीनं भांडं घासलं, फरशी पुसली, आणि मग मोरीच्या कट्ट्यावर बसून रडली. ती काच तिला मनापासून हवी होती. नाही म्हणताना तिला काहीच वाटलं नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो तर आई चपला घालून दारात उभी. इतक्या वर्षांत ती एकदाही आली नव्हती. मावशीनं काही न विचारता एक पिशवी तिच्या हातात दिली.

फुटपाथवर वड्या मांडून होतात न होतात तोच वरच्या काकू आल्या. कोपरखळी मारल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. एक वडी दोन बोटांत धरून मोठ्यानं म्हणाल्या, "हाच का तो कचऱ्याचा साबण?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई उठली. तिचा आवाज पार रस्त्यापलीकडे गेला.

"कचऱ्याचा नाही. पिळलेल्या सालींचा. ज्यूसवाल्याच्या मागच्या दारातून आणतो, तीन पाण्यांत धुतो. घ्यायचा तर घ्या, नाहीतर खाली ठेवा."

काकूंनी वडी खाली ठेवली. "तुम्ही कधीपासून बसायला लागलात इथे?"

"आजपासून," आई म्हणाली. "सालवालीची सख्खी बहीण आहे मी."