केसाएवढी रेघ

काकू छापून आलेला कागद आधी वाचत नसत. तो खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरत आणि विचारत, "रेघ जगली का?"

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत इंग्रजी टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांची वळणं, तयार होत. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला प्रोग्रॅमर. अक्षरं कॉम्प्युटरच्या पडद्यावर नीट दिसतात की नाही, ते बघणारा. काकू साठीच्या, मुंबईत अक्षरकला शिकून लग्नानंतर इकडे आलेल्या. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच.

त्यांचा जीव एकाच टाइपात होता. फॅशनच्या मासिकांवर, अत्तराच्या खोक्यांवर तुम्हीही तो पाहिला असेल. उभा दांडा भरदार, आडवी रेघ केसाएवढी, टोकांना सरळ, नाजूक पाय. "दांडा कुणीही काढेल," त्या म्हणत, "बारीक रेघेत हात कळतो." दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं, तेव्हाच्या पडद्यांवर ही रेघ हमखास तुटायची. मी वैतागून "थोडी जाड करू या ना" म्हटलं, की त्या चष्म्यावरून बघत. "मग तो दुसराच टाइप झाला रे!"

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लीड्सला. शुक्रवारी सगळे पबमध्ये जात, काकू टेबल आवरत रेंगाळत. एकदा मी म्हटलं, "चला, घरी सोडतो."

"घरी काय आहे? हीटिंग आणि टीव्ही."

तरी आल्या. पण 'वर ये' असं कधी म्हणाल्या नाहीत.

मग लग्नाच्या पोशाखांच्या एका दुकानाचा कॅटलॉग आला. शेवटचं प्रूफ काकूंनीच पास केलं. छापून आलेली पहिली प्रत मी पाहिली. मुखपृष्ठावर इंग्रजी लहान लिपीत ठळक 'love', आणि त्यातल्या 'ई'ची मधली रेघ उडालेली. 'ई'चा चक्क 'सी' झाला होता.

काकूंनी प्रत खिडकीशी धरली. बराच वेळ. मग हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांग. रेघ आहे?"

"आहे," मी म्हणालो.

माझं खोटं त्यांना आवाजातच कळलं असावं. त्यांनी प्रत माझ्या हातात दिली आणि सरळ साहेबाच्या केबिनमध्ये गेल्या. चूक आपली म्हणून सांगितलं, राजीनामा दिला. साहेबाने थांबवून पाहिलं. थांबल्या नाहीत.

त्या लीड्सला मुलीकडे राहायला निघाल्या, तेव्हा सामान बांधायला मी त्यांच्या फ्लॅटवर पहिल्यांदा गेलो. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर जाड मार्करने बोटभर उंचीची अक्षरं होती. मीठ. साखर. हळद. वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली.

"केव्हापासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या कडेचं दिसेल, मधलं जाईल."

"मला तरी सांगायचं, काकू."

"तू सांभाळून घेत बसला असतास. मग मी ऑफिसला यायचं कशाला?"

मुलगी गाडी घेऊन आली होती. "ममा, तुझा पर्स घेतला मी," असं मोडक्या मराठीत म्हणत तिने त्यांना पुढे बसवलं. मी दाराशी उभा होतो. गाडी सुरू झाली तशी काकूंनी काच खाली केली आणि हात हलवला. माझ्याकडे नव्हे, कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीकडे.

"जेवत जा रे वेळेवर!"

मी पावलं न वाजवता पेटीशेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "हो, काकू."