रिकामा जार

आखातातल्या मदिनत खलीफा या वस्तीतल्या आमच्या व्हिलात पाच बिऱ्हाडं आहेत आणि फाटकालगत गाड्यांना जागा तीन. वाळूचं वादळ येऊन गेलं की भिंतीच्या आडोशाला घोट्याएवढी वाळू साचते आणि तिन्ही जागा बुजतात. मग ज्यानं फावड्यानं जागा मोकळी केली, त्याची ती दुसऱ्या सकाळपर्यंत. गाडी घेऊन बाहेर पडताना तिथं पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवायचा, अर्धा वाळूनं भरून. जार नसला, तर जागा जो आधी येईल त्याची. हे कुठं लिहिलेलं नाही. भाडेकरू पाळतात.

त्या दिवशी पत्नीला रुग्णालयातून घरी आणायचं होतं. घोट्याचं ऑपरेशन झालेलं. त्या पायावर भार द्यायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मऊ वाळूत तिचा वॉकर रुतला असता. म्हणून फाटकासमोरची जागा मी सकाळी उकरली, फाटकापर्यंतची वाटही झाडली, जार ठेवला आणि घाईनं निघालो.

दुपारी परतलो तेव्हा तिथं एक पिकअप उभी होती. जार नव्हता. पत्नीला गाडीतच, एसी चालू ठेवून, बसू दिलं.

पिकअप मागच्या खोलीत नव्यानं राहायला आलेल्या ड्रायव्हरची होती. बीडकडचा, चाळिशीचा माणूस. रात्रपाळी करून झोपला होता. दार वाजवल्यावर डोळे चोळत माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला.

"ती जागा मी साफ केली होती," मी म्हणालो. "जार ठेवला होता."

"जार? न्हाई बा, साहेब. जागा झाडल्यावानी दिसली. म्हटलं, वाऱ्यानं आपल्यावर मेहरबानी केली."

वरच्या मजल्यावरचे नाशिकचे इंजिनिअर गॅलरीतून ऐकत होते. त्यांनी गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. जार तिथल्या कचरापेटीला टेकून पडला होता.

"वाळू भरली होती का?" त्यांनी विचारलं.

"भरायची राहिली."

"अहो, मग तो उडणारच! इतकी वर्षं राहून रिकामा जार?"

चूक माझी होती. नियमानं जागा आता ड्रायव्हरची होती आणि त्याला उठवण्याचा मला अधिकार नव्हता. मी तसं सांगितलं. त्यानं माझ्या मागे, गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेल्या पत्नीकडे पाहिलं.

"वहिनींच्या पायाला प्लास्टर हाय का?"

"हो."

"मग हे आधी सांगायचं ना! किल्ली आणतो."

उरलेल्या दोन जागांवर भरलेले जार होते. त्यानं त्यांना हात लावला नाही. पिकअप मोठ्या रस्त्यावर लावून तो दहा मिनिटं उन्हातून चालत आला. तोवर पत्नी वॉकर टेकत, न थांबता, आत पोचली होती.

"त्यांची झोप गेली," ती म्हणाली. "आता पाळीवरून आल्यावर गाडी कुठं लावतील?"

मी पुन्हा फावडं घेतलं. भिंतीच्या टोकाशी, जिथं सहसा कुणी उकरत नाही, तिथं पिकअप मावेल एवढी वाळू काढायला सूर्य मावळेपर्यंतचा वेळ लागला. मग गल्लीच्या टोकाहून जार उचलून आणला आणि ड्रायव्हरसाठी त्या जागेत ठेवण्याआधी त्यात वाळू भरली.