तळ्यास खार सोडावा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. घरात त्या गावाचा विषय निघाला की पानाचा डबा जवळ ओढायचो आणि सुपारी कातरत बसायचो. आता दातही गेले.

मी कल्याणला कचेरीत कारकून होतो. दिव्याकडच्या खाडीकाठी एका गावात गुरं मरत होती. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, जनावर खंगत जायचं. गुरांचा डॉक्टर म्हणून एक साहेब आला. मेलेला बैल चिरून त्याने यकृतातले पानासारखे चपटे किडे दाखवले. हे तळ्यातल्या गोगलगायींमुळे होतं, असं विलायतेत नुकतंच कळलंय म्हणाला. उपाय इंग्रजीत लिहून दिला: गोगलगायी मारायला तळ्याकाठच्या ओल्या गवतावर मीठ आणि चुना पसरावा.

मराठी हुकूम मी लिहिला. मीठ-चुना हे फारच स्वयंपाकघरातलं वाटलं, म्हणून दोहोंसाठी 'क्षार' या अर्थाचा एकच भारदस्त शब्द घातला: 'तळ्यास खार सोडावा.' पुण्यात शिकल्याची ऐट, दुसरं काय.

त्या गावात खार म्हणजे खाडीचं पाणी. तळं आणि भातशेती ते पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आत होती. बांधाला लाकडी झडप होती, तिला उघाडी म्हणत. हुकूम वाचून दाखवल्यावर बांधाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याने भरतीच्या वेळी उघाडी उघडली. गोगलगायी मेल्या. तळं नासलं, उभं भातही गेलं.

चौकशी त्याच साहेबाच्या तंबूत झाली. म्हातारा माझ्याकडेच बघत म्हणाला, "कागदात व्हता तसा केला, भाऊसाहेब. तुमीच लिवलंत ना?"

साहेबाने विचारलं, कागदात काय आहे? समोर साहेब, दाराशी गाव, हातात माझंच अक्षर. दोन्ही भाषा येणारा तिथे मी एकटा. बाहेर पडायला वाट नव्हती.

"सॉल्ट, सर."

कोशात पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. साहेब म्हणाला, या माणसाला साधं मीठ कळत नाही? तेही मराठीत मलाच सांगावं लागलं. मी सांगितलं. कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याची राखण गेली.

काही वर्षांनी कामानिमित्त ठाण्याच्या मिठागरांवर गेलो, तर तो तिथे टोपल्या वाहत होता. मला बघून त्याने मूठभर मीठ उचललं.

"बघा भाऊसाहेब, याला आमी मीठ म्हनताव. खार तो तिकडं, खाडीत."

मी म्हणालो, "तब्येत बरी ना?"

"बरी हाय." त्याने मूठ टोपलीत रिकामी केली. मग टोपली डोक्यावर घेऊन गेला. तो वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

राखणदार बाबा, तुम्हाला हुकूम बरोबर कळला होता. लिहिताना मी चुकलो, आणि तंबूत ते झाकलं. मला माफ करा, एवढंच त्या दिवशी मिठागरावर म्हणायचं होतं.