दशमीचा घास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय, आणि तेच जास्त वाईट. त्या अर्ध्यावर मी लोकांची सहानुभूती मिळवली आहे. पुरं आज सांगते.

मी अर्धापूरची. माहेरी केळीच्या बागा. घराला कडी लावायची ती फक्त कुत्रं आत शिरू नये म्हणून. लग्न होऊन पुण्याला गेले आणि दोन वर्षांत पार बदलले. दाराला साखळी, साखळीआडून बोलणं. रिक्षात बसलं की कानाला फोन लावून खोटंच म्हणायचं — "हो, पोचतेच आहे." शेजारणींनी काही विचारलं तरी ताकास तूर लागू द्यायची नाही. सुरुवातीला रडू यायचं, दिवस दिवस कुणाशी बोलणं नाही म्हणून. मग सवय झाली. मग तर मला त्याचा अभिमानच वाटू लागला! मुलगी नीट बोलायला लागायच्या आत मी तिला पढवलं — अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही. यात चूक काय? काहीच नाही. म्हणूनच तर हे कारण पुढे मला इतकं उपयोगी पडलं.

मुलगी पाच वर्षांची होती. उन्हाळ्याची सुट्टी. थेट नांदेडचं तिकीट मिळालं नाही, म्हणून रेल्वेने लातूरला उतरलो आणि तिथून एसटी धरली. खिडकीशी मी, मध्ये मुलगी, आणि कडेला एक आजी. पासष्टीच्या असतील. पांढरं पातळ, मनगटावर जुनं घड्याळ, मांडीवर पिशवी. बस निघाली तशा त्या बोलायलाच लागल्या.

"कोणचं गाव बाई तुमचं?"

"पुणे," मी म्हणाले. बस नांदेडची, अर्धापूर नांदेडच्या चार पावलं पुढे, आणि मी म्हणतेय पुणे.

त्यांना त्याचं काही वाटलं नाही. स्वतःचं सगळं त्यांनी आपण होऊन सांगितलं — सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, तालुक्यातल्या कितीतरी लेकरांना लस टोचली, आता रिटायर झाल्या, लेकीकडे लोह्याला चालल्यात. मध्येच त्यांना फोन आला. "जय भीम, बोल बाळा," त्या म्हणाल्या. मी ऐकलं. हे नीट लक्षात घ्या — मी ते ऐकलं.

अहमदपूर यायच्या आधी मुलीला भूक लागली. आमची बिस्किटं संपली होती. मी फोनमध्ये डोकं घालून बसले होते, आणि पाहते तो काय — तिच्या हातात दशमीचा तुकडा आणि तोंडात घास. आजींनी डबा उघडला होता. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, वर शेंगदाण्याची चटणी. प्रवासाला निघताना माझी आई तेच बांधून द्यायची.

"थुंक आधी," मी म्हणाले.

मुलगी गोंधळली. मी तिच्या तोंडापुढे कागदी रुमाल धरला, घास थुंकायला लावला, हातातला तुकडा काढून घेतला. आजी म्हणाल्या, "खाऊ द्या की बाई. लेकरू हाय. सकाळीच केल्यात." मी पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढली आणि मुलीचे हात पुसले. त्यांच्यादेखत. एकेक बोट.

त्यांनी ते सगळं पाहिलं. डब्याचं झाकण लावलं. आणि हळूच, आवाज अजिबात न चढवता विचारलं —

"इटाळ झाला का वो बाई?"

एका वाक्याचं काम होतं. "नाही हो आजी, शहरात राहून भित्री झालेय, कुणाचंच देत नाही तिला." एवढंच. त्यांनी ऐकलं असतं, कदाचित हसल्याही असत्या. पण मी मूग गिळून बसले. का?

माहेरी पोचल्यावर मी हे सगळ्यांना सांगितलं, पण माझ्या पद्धतीने. बघा, पुण्याने मला कसं करून टाकलंय, साधी दशमी खाऊ देववली नाही लेकराला! आई हळहळली. नवरा फोनवर म्हणाला, जग तसं आहे, तू तरी काय करणार. मैत्रिणींमध्येही सांगितलं, आणि सगळं खापर शहरावर फोडून मोकळी झाले. 'जय भीम' मात्र दरवेळी गाळलं. तो प्रश्नही गाळला.

आणि आणखी एक गाळलं. त्याच सकाळी रेल्वेत समोरच्या बाईंनी माझ्या मुलीला बेसनाचा लाडू दिला होता. त्याही अनोळखीच. पण त्यांचं आडनाव मी विचारून घेतलं, मी अर्धापूरची हेही सांगितलं, आणि बोलता बोलता पाहुण्यांत पाहुणे निघाले. मग मीच मुलीला म्हणाले, "खा गं, काकूंनी दिलाय." लाडू हातातच फुटला, तिने बोटं चाटली. मी नुसती हसले. बाटली तेव्हाही पर्समध्येच होती.

म्हणजे आजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'नाही' असं नव्हतं. म्हणून मी बोलले नाही. लहानपणी आमच्या बागेत कामाला येणाऱ्या काही बायकांच्या ओंजळीत मी तांब्याने वरून पाणी ओतलेलं आहे — तांब्याला हात लागू न देता. हे पुण्याने शिकवलं नव्हतं. पुण्याने फक्त त्याला एक बरं नाव दिलं.

अहमदपूर गेलं आणि आजी उठल्या. पिशवी खांद्याला लावून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मुलीने विचारलं, "आजी का उठल्या?"

"त्यांचं गाव आलं असेल," मी म्हणाले.

गाव आलं नव्हतं. लोहा अजून तासाभरावर होतं. बस भरलेली होती, मोकळी होती ती फक्त आमच्या शेजारची जागा. कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला, म्हणाला, "मावशी, जागा हाय की तिथं. बसा."

"असू द्या," त्या म्हणाल्या. आणि लोहा येईपर्यंत, वरची दांडी धरून, उभ्याच राहिल्या.