रॅम बसली, पण चालेना

कॉम्प्युटर मी कुणाकडे शिकले नाही. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, त्याचा डेस्कटॉप मरोळच्या आमच्या घरात मागे राहिला, आणि एका दुपारी मी तो चालू केला, एवढंच. हळूहळू मराठी टायपिंग जमलं. अडचण अशी की त्यातलं मराठीचं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्यात टाइप केलेलं दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडलं की नुसत्या किडामुंग्या दिसतात. म्हणून मुलगा फोनवर कितीही म्हणो, "आई, तो डबा भंगारात टाक, मी लॅपटॉप पाठवतो," मी ऐकत नाही. माझं सगळं लिहिलेलं त्या डब्यात आहे, बाबा.

यंदा नेमका श्रावणाच्या तोंडावर तो डबा रुसला. आमचा मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे, सगळ्या साठी उलटलेल्या. गाणी म्हणणारी मुख्य बाई म्हणजे माझी पार्ल्याची मैत्रीण, मूळची मालवणकडची. तिने जाहीर करून टाकलं, "यंदा मी नाही गाणार. आठवत नाही, आणि मोबाइलवर वाचायला दिसत नाही." आता ती गायली नाही तर आमच्या फुगड्या म्हणजे नुसता व्यायाम! मी म्हटलं, "थांब, मी तुला मोठ्या अक्षरांत पुस्तिका करून देते. मग कशी गात नाहीस बघते."

गाणी टाइप झाली. पण मला हौस दांडगी. प्रत्येक गाण्याला आमच्या खेळांचे फोटो जोडत गेले आणि अर्ध्यावर कॉम्प्युटर जो गोठला तो गोठलाच. बंद करून चालू केला, फाइल उघडली, परत गोठला. मुलगा म्हणाला, "मेमरी कमी पडतेय. रॅम वाढव."

ऐकायला किती सोपं! अंधेरी स्टेशनजवळच्या दुकानातून रॅमची पट्टी आणली. कॅबिनेटचं झाकण आम्ही बसवतच नाही, आत फार तापतं म्हणून. त्यामुळे उघडायचा प्रश्न नव्हता. जुन्या पट्टीशेजारी एक खाच रिकामी होती, तिच्यात नवी घालायला गेले तर शिरेच ना. जुन्या पट्टीचा काप एका जागी, नव्या पट्टीचा भलत्याच जागी. परत अंधेरी. दुकानदार म्हणतो, "आजी, ही नवीन पिढीची आहे. तुम्हाला जुनी पिढी लागेल."

"मग आधी विचारायचं नाही का रे?"

"तुम्हीच रॅम द्या म्हणालात ना!"

जुनी पिढी आणली. ही अगदी ऐटीत बसली, टक् आवाज करून. बटण दाबलं तर स्क्रीन काळा आणि आतून टीं, टीं, टीं. आमचे हे खुर्चीतून म्हणाले, "रिक्षा रिव्हर्स येतेय वाटतं." मी पट्टी उपसून पर्समध्ये टाकली. बोलले असते तर भांडण झालं असतं.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मैत्रीणही अंधेरीला आली होती, म्हणून तिला घेऊनच दुकानात शिरले. दुकानदार पट्टी उलटीसुलटी करून म्हणतो, "माल एकदम ओके आहे. पण ही ठरावीक प्रोसेसरच्या बोर्डवरच चालते. तुमचा बोर्ड दुसरा आहे."

"अरे, पण बसली ना ती!"

"बसते सगळ्यांत. चालत नाही सगळ्यांत."

मैत्रीण मला म्हणाली, "कुकरची रिंग गो. बसता, पण शिटी येणा नाय." तिच्या एका वाक्यात मला जे कळलं ते या माणसाने दोन फेऱ्यांत सांगितलं नव्हतं. या वेळी मी घरची जुनी पट्टीच पर्समधून काढून त्याच्या काउंटरवर ठेवली. "हिची सख्खी बहीण दे. नातेवाईक नकोत." त्याने आतून शोधून जुळी दिली.

घरी येऊन बसवली. टीं, टीं, टीं.

मी खरं सांगते, त्या क्षणी मला तो कॉम्प्युटर गॅलरीतून खाली टाकावासा वाटला. सख्खी बहीणही चालत नाही म्हणजे काय? नवी पट्टी जुनीच्या खाचेत घालून पाहिली तर चालली! म्हणजे पट्टी चांगली होती, खोड दुसऱ्या खाचेत होती. टॉर्च मारून आत पाहिलं. लाल-पिवळं काहीतरी. बोट लावून पाहिलं तर हळद-कुंकू!

दरवर्षी दसऱ्याला मी कॉम्प्युटरची पूजा करते. लोक गाडीची करतात, मी याची. आणि उघड्या कॅबिनेटमधून थेट मदरबोर्डवर हळद-कुंकू वाहते, बाहेरच्या पत्र्याला वाहून काय उपयोग असं मला वाटायचं. वर्षानुवर्षांची ती चिमूट त्या रिकाम्या खाचेत साठून घट्ट झाली होती. हे जवळ येऊन वाकले आणि म्हणाले, "सवाष्ण आहे गं ती खाच. उगाच वैतागलीस."

जुन्या टूथब्रशने खाच साफ केली. यांनी टॉर्च धरला, तेवढी मदत करून वर पाठ दुखल्याची तक्रार केली. मग दोन्ही बहिणी शेजारी बसवल्या आणि बटण दाबलं. एकच टीं, आणि स्क्रीन उजळला. फाइल उघडली, फोटोंसकट, न गोठता. घरच्याच प्रिंटरवर प्रिंट काढून दुसऱ्या दिवशी पार्ल्याला गेले.

मैत्रिणीने चष्मासुद्धा मागितला नाही. पुस्तिका हातभर लांब धरून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मी वाट बघतेय की आता कौतुक करेल. तर म्हणते काय, "ह्यां कडवां खयसून हाडलंस? आमच्यात असां नाय म्हणत."

"कुठून आणलं काय! इतके हेलपाटे घालून केलंय मी! मग कसं म्हणतात तूच सांग."

"सांगतंय ना." आणि तिने गायला सुरुवात केली. ते कडवं, पुढचं कडवं, त्याच्या पुढचं, मी टाइपच न केलेलीसुद्धा दोन कडवी. पुस्तिका मांडीवर मिटलेली.

"अगं, आठवतंय की तुला सगळं!"

"आठवता गो. चुकीचां वाचलंय म्हणान आठवलां."

मी कपाळाला हात लावला. ही बाई मंगळागौरीला गाणार, हे आता नक्की. पण चुका काढल्याशिवाय तिला गाणं आठवत नसेल, तर उरलेली पानं मी दुरुस्त करायची की तशीच चुकीची ठेवायची, ते कुणीतरी सांगा मला.